जुना म्युझिक प्लेअर घेताना: रिफर्बिश्ड उपकरणाची पारख कशी करावी

माझ्या वडिलांना पहाटे अभंग आणि नाट्यसंगीत ऐकण्याची सवय आहे आणि त्यासाठी त्यांना मोबाईल नको असतो, कारण फोनवर गाणे लावले की मध्येच कोणाचा तरी संदेश वाजतो, कोणाचा तरी फोन येतो आणि बसलेली तंद्री मोडते. त्यांच्यासाठी केवळ गाणी वाजवणारे यंत्र शोधू लागलो तेव्हा लक्षात आले की सोनी किंवा फियो यांसारख्या कंपन्यांचा नवा, चांगला प्लेअर एखाद्या बऱ्यापैकी स्मार्टफोनच्या किमतीला जातो आणि अगदी स्वस्तात मिळणाऱ्या बिननावाच्या प्लेअरचा आवाज ऐकवत नाही. या दोन्हींच्या मधला मार्ग म्हणजे जुना, दुरुस्त करून पुन्हा विक्रीला ठेवलेला, म्हणजेच रिफर्बिश्ड प्लेअर. गेल्या काही वर्षांत घरासाठी आणि नातेवाइकांसाठी मी असे चार प्लेअर घेतले. त्यांतील तीन आजही उत्तम चालतात, एकाचे पैसे मात्र पाण्यात गेले. चारही वेळा जे शिकलो ते येथे सविस्तर लिहीत आहे.

नाशिकमध्ये अशा प्लेअरची गरज असणारे लोक कमी नाहीत. पंचवटी एक्सप्रेसने रोज मुंबईला जाणाऱ्यांना इगतपुरी सुटली की कसारा घाटातील बोगद्यांत नेटवर्क जाण्याचा अनुभव आहे. अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी अनेक मुले फोन जाणूनबुजून घरी ठेवतात. औद्योगिक वसाहतींतील काही कारखान्यांत कॅमेरा असलेला फोन आत नेऊ देत नाहीत आणि कंपनीच्या बसमधील तास-दीड तास तसाच जातो. या सगळ्यांना इंटरनेटशिवाय चालणारे छोटे यंत्र पुरते आणि ते जुने असले तरी काही बिघडत नाही, मात्र ते पारखून घेतलेले असले पाहिजे.

‘रिफर्बिश्ड’ म्हणजे नेमके काय केले आहे?

हा शब्द बाजारात फार सैल वापरला जातो. कोणी केवळ काच पुसून नवे कव्हर घातलेल्या यंत्राला रिफर्बिश्ड म्हणतो, तर कोणी बॅटरी, काच आणि मागची पत्रा-प्लेट बदललेल्या यंत्राला. म्हणून दुकानात पहिला प्रश्न किमतीचा नव्हे, तर ‘यात काय काय बदलले आहे?’ हा विचारावा. उत्तर स्पष्ट मिळाले, तर तेच बिलावर लिहून देण्याची विनंती करावी. ‘सगळं चेक केलंय साहेब, एकदम कंडिशनमध्ये आहे’ हे उत्तर नव्हे. जो दुकानदार ‘बॅटरी नवी टाकली आहे, डिस्क मूळचीच आहे’ असे दोन वाक्यांत सांगतो, त्याच्याकडून दोनशे-चारशे रुपये जास्त देऊनही मी वस्तू घेतो, कारण यंत्र उघडून पाहिल्याशिवाय असे उत्तर देता येत नाही.

ॲपलच्या आयपॉड या प्लेअरच्या बाबतीत काही तारखा ध्यानात ठेवाव्यात. पहिला आयपॉड २००१ साली आला. क्लासिक हे मॉडेल ॲपलने २०१४ मध्ये बंद केले, नॅनो आणि शफल २०१७ मध्ये, तर शेवटचा उरलेला आयपॉड टच मे २०२२ मध्ये. याचा अर्थ असा की आज कोणी ‘ब्रँड न्यू, सील पॅक’ आयपॉड नॅनो दाखवत असेल, तर तो खरोखर न उघडलेला असला तरी त्याची बॅटरी इतकी वर्षे खोक्यात पडून आहे. लिथियम बॅटरी न वापरताही म्हातारी होते आणि पूर्ण उतरलेल्या अवस्थेत वर्षानुवर्षे राहिली तर पुन्हा चार्ज होण्याच्या पलीकडे जाते. त्यामुळे सील पॅकसाठी जास्तीचे पैसे मोजणे संग्राहकाला शोभते, ऐकणाऱ्याला नाही. नवी बॅटरी घातलेला, कडांवर थोडे ओरखडे असलेला प्लेअर त्याहून कितीतरी उपयोगाचा असतो.

खरी किंमत काढण्याचा हिशेब

पैसे वाचवण्यासाठीच आपण जुनी वस्तू घेतो, म्हणून हिशेब कागदावर मांडावा. समजा, एका ठिकाणी आयपॉड क्लासिक ५,००० रुपयांना आहे, पण बॅटरी मूळचीच आहे आणि केबल नाही. बॅटरी व मजुरीचे १,५०० आणि केबलचे ३०० धरले, तर तो ६,८०० रुपयांना पडतो. दुसऱ्या ठिकाणी तेच मॉडेल नवी बॅटरी, केबल, बिल आणि तीन महिन्यांच्या हमीसह ६,५०० रुपयांना आहे. येथे महाग दिसणारा प्लेअरच स्वस्त आहे. हे आकडे केवळ रीत समजावी म्हणून घेतले आहेत, प्रत्यक्ष भाव आपण त्या दिवशी विचारून घालावेत. केबल ही क्षुल्लक बाब वाटते, पण तीच अनेकदा अडवते. आयपॉड क्लासिकला रुंद ३० पिनांची केबल लागते, सातव्या पिढीच्या नॅनोला लाइटनिंग, तर सोनीच्या जुन्या वॉकमनला डब्ल्यूएम-पोर्ट नावाची अगदी वेगळी चपटी केबल. लाइटनिंग केबलचा आयफोन घरात नसेल, तर फोनची केबल यांपैकी कशालाही बसत नाही. इयरफोनसुद्धा हिशेबात धरावा. जुन्या प्लेअरपैकी अनेकांत ब्लूटूथ नसते, त्यामुळे ३.५ मिलिमीटरच्या पिनेचा तारेचा इयरफोन लागतो आणि तो स्वच्छतेच्या दृष्टीने नवाच घ्यावा.

बॅटरी

जुन्या प्लेअरमध्ये आपण मुळात बॅटरीच विकत घेत असतो, असे मानून चालावे. लिथियम बॅटरीची क्षमता काही शे वेळा चार्ज केल्यानंतर ठळकपणे उतरते आणि त्याला दुकानदाराचा इलाज नसतो, ती बदलावीच लागते. म्हणून मॉडेल निवडतानाच ती बदलता येते का, हे पाहावे. आयपॉड क्लासिक आणि त्याआधीचा पाचव्या पिढीचा, व्हिडिओ दाखवणारा आयपॉड यांची बॅटरी छोट्या पट्टीच्या जोडणीने बसवलेली असते. कारागीर ती सोल्डरिंगशिवाय बदलू शकतो. मात्र क्लासिकचे धातूचे आवरण उघडणे अवघड असते आणि घाईने उघडले तर कडा वाकतात, त्यामुळे कडेला पोचे दिसले तर यंत्र आधी कोणीतरी धसमुसळेपणाने उघडले आहे, असे समजावे. नॅनो, शफल आणि सॅनडिस्कचा क्लिप प्लस यांची बॅटरी तारांनी सोल्डर केलेली असते. ती बदलता येते, पण त्यासाठी हात बसलेला माणूस लागतो.

माझे पैसे बुडाले ते येथेच. ओळखीतून एका विक्रेत्याकडून भाचीसाठी नॅनो घेतला. दुकानात तो चार्जिंगला लावलेलाच होता, पडदा लख्ख होता, गाणे छान वाजले, म्हणून मी बिलाशिवाय पैसे दिले. घरी आणून चार्जरपासून वेगळा केला आणि चाळीस मिनिटांत तो बंद पडला. दुसऱ्या दिवशी परत गेलो तेव्हा विक्रेत्याने हात वर केले आणि माझ्याकडे कागद नसल्याने बोलायला जागा उरली नाही. तेव्हापासून मी एक नियम पाळतो: दुकानात गेल्यावर सर्वांत आधी प्लेअर चार्जरवरून काढायला सांगतो, गाणे सुरू करून तो टेबलावर ठेवतो आणि मगच बाकीच्या गोष्टी बोलतो. वीस मिनिटांत बॅटरीची खूण एक घरही खाली आली, तर ती वस्तू घेत नाही.

फुगलेली बॅटरी ओळखणेही सोपे आहे. प्लेअर सपाट काचेवर ठेवून एका कोपऱ्यावर बोटाने हलके दाबावे, तो डुगडुगला तर आत काहीतरी वर आले आहे. पडद्यावर एखादा फिकट, चकाकणारा डाग दिसणे किंवा पडदा चौकटीतून केसभर उचललेला असणे हीही त्याचीच लक्षणे आहेत. असे यंत्र फुकट मिळाले तरी चार्जिंगला लावू नये. पहिल्या पिढीचा नॅनो तर मी सरसकट टाळायला सांगेन. सप्टेंबर २००५ ते डिसेंबर २००६ या काळात विकल्या गेलेल्या या यंत्रांची बॅटरी अति तापण्याचा धोका असल्याचे ॲपलनेच २०११ मध्ये जाहीर करून ती बदलून देण्याची योजना आणली होती. मागे ए११३७ हा मॉडेल क्रमांक दिसला की ते यंत्र त्या पिढीचे आहे, हे ओळखावे.

आपल्या घरी काय आहे, त्यावरून निवड

घरी संगणक आहे का, हा प्रश्न मॉडेल ठरवण्यापूर्वी स्वतःला विचारावा. आयपॉडमध्ये गाणी नुसती ओढून टाकता येत नाहीत. त्यासाठी विंडोजवर आयट्यून्स किंवा ॲपल डिव्हाइसेस आणि नव्या मॅकवर फाइंडर लागतो. अनेक घरांत आज केवळ फोन आहेत. अशा घरासाठी मेमरी कार्ड घालता येणारा प्लेअर घ्यावा, कारण ओटीजी, म्हणजे फोनला थेट जोडता येणारा, कार्ड रीडर लावून फोनमधूनच कार्डावर गाणी भरता येतात. सॅनडिस्क क्लिप प्लस हे या प्रकारातले माझे आवडते यंत्र आहे. ते काडेपेटीहून फार मोठे नाही, कार्ड घेते आणि एफएलएसी प्रकारच्या, म्हणजे दर्जा न घटवता साठवलेल्या गाण्यांच्या, फाइल वाजवते. आयपॉड क्लासिक किंवा नॅनो स्वतःहून एफएलएसी वाजवत नाही. रॉकबॉक्स नावाची मोफत आज्ञावली अनेक जुन्या आयपॉडवर आणि क्लिप प्लसवर बसवता येते आणि मग ही बंधने सुटतात, पण ते काम संगणकाची सवय असणाऱ्यानेच करावे.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. गाण्यांच्या ॲपमध्ये ‘डाउनलोड’ केलेली गाणी कुलूपबंद असतात, ती फोनमधून काढून प्लेअरमध्ये टाकता येत नाहीत. प्लेअरसाठी आपल्या मालकीच्या सीडीवरून उतरवलेल्या किंवा विकत घेतलेल्या फाइलच लागतात. घरात जुन्या सीडींचा गठ्ठा असेल, तर हा प्लेअर सोन्यासारखा उपयोगी पडतो. तसे काहीच नसेल, तर प्लेअरवर पैसे घालण्यापूर्वी पुन्हा विचार करावा.

जागा किती हवी, याचा अंदाज सहज करता येतो. ३२० केबीपीएस या उत्तम दर्जाच्या एमपीथ्री फाइलला तासाला साधारण १४४ एमबी लागतात, म्हणजे ८ जीबीमध्ये सुमारे ५५ तासांचे संगीत मावते. सीडीच्या दर्जाची एफएलएसी फाइल तासाला ढोबळमानाने ३०० ते ४०० एमबी घेते. रोज दोन तास ऐकणाऱ्याला ८ जीबी जवळजवळ महिनाभर पुरतात. १६० जीबीचा मोह होतो खरा, पण तेवढी गाणी गोळा झालेली नसतील, तर त्या जागेचे पैसे देण्यात अर्थ नाही. शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांनी मात्र जागेपेक्षा एक वेगळी गोष्ट तपासावी. सीडीवर एकाच रागाचे आलाप, विलंबित आणि द्रुत असे वेगवेगळे भाग असतात आणि काही प्लेअर दोन भागांच्या मध्ये क्षणभर थांबतात. बंदिशीच्या मध्ये पडणारी ती खाच कानाला फार टोचते. कीर्तन किंवा बोलके पुस्तक ऐकणाऱ्यांनी प्लेअर बंद करून पुन्हा लावल्यावर तो सोडलेल्या जागीच सुरू होतो का, हे पाहावे.

दुकानातील तपासणी

नाशिकमध्ये जुन्या-नव्या उपकरणांसाठी पाय आपोआप महात्मा गांधी रोडकडे वळतात. तेथे संध्याकाळच्या गर्दीत न जाता सकाळी दुकान उघडल्यावर जावे, म्हणजे दुकानदारालाही वेळ असतो आणि आवाजही नीट ऐकू येतो. सोबत स्वतःचा इयरफोन आणि नेहमीच्या ऐकण्यातली चार-पाच गाणी मेमरी कार्डावर किंवा पेन ड्राइव्हवर न्यावीत. त्यातील एका फाइलचे नाव देवनागरीत असावे. अनेक जुन्या प्लेअरवर देवनागरी अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात किंवा वेलांट्या-मात्रा अक्षरापासून सुट्या पडतात आणि वडीलधाऱ्यांसाठी प्लेअर घ्यायचा असेल, तर ही अडचण मोठी आहे.

त्यानंतर इयरफोनचा जॅक पाहावा, कारण बॅटरीखालोखाल झिजतो तो हाच. तंबोऱ्याचा किंवा बासरीचा एखादा सलग, संथ तुकडा लावावा, डोळे मिटावेत आणि पिन जॅकमध्येच दोन बोटांनी हळूहळू पूर्ण एक फेरा फिरवावी. जॅक चांगला असेल, तर सूर जसाच्या तसा राहतो. झिजलेला असेल, तर ठरावीक जागी आल्यावर खरखर येते, एक कान बंद पडतो किंवा गायकाचा आवाज दूर जाऊन नुसती साथ उरते. आयपॉड क्लासिकमध्ये हा जॅक आणि वरचे होल्डचे, म्हणजे बाकीची बटणे गोठवणारे, बटण एकाच पट्टीवर असल्याने तो भाग बदलता येतो, पण तो खर्च विक्रेत्याने करावा. आवाज पूर्ण वाढवूनही पुरेसा होत नसेल, तर तो दोष नसून मर्यादा असू शकते, कारण युरोपात विकण्यासाठी बनवलेल्या प्लेअरमध्ये कमाल आवाज मुद्दाम कमी ठेवलेला असतो आणि तिकडची यंत्रेही जुन्या बाजारात फिरत येतात.

आयपॉड क्लासिकमध्ये फिरती हार्ड डिस्क असते, त्यामुळे त्याची आणखी एक तपासणी करावी. कानाशी धरून गाणी भराभर बदलावीत. मंद घरघर चालेल, ठराविक अंतराने येणारी टकटक चालणार नाही. होल्ड बंद करून मेन्यू आणि मधले बटण एकत्र सहा-आठ सेकंद दाबले की यंत्र पुन्हा सुरू होते. ॲपलचे चिन्ह दिसताच मधले बटण आणि मागच्या गाण्याचे डावीकडचे बटण धरून ठेवले की तपासणीचा पडदा उघडतो. त्यात आयओ, मग हार्ड ड्राइव्ह आणि मग एचडी स्मार्ट डेटा असे जावे. रिअलॉक्स आणि पेंडिंग सेक्टर्स या दोन ओळींसमोर शून्य असेल, तर डिस्क ठणठणीत आहे. तेथे मोठे आकडे दिसले, तर डिस्कचे दिवस भरत आले आहेत. काही कारागीर हार्ड डिस्क काढून तिच्या जागी मेमरी कार्ड बसवतात. असे यंत्र हलके होते, धक्क्याने बिघडत नाही आणि माझ्या मते थोडे जास्त पैसे देण्यालायक असते. मागच्या प्लेटवर कोरलेल्या आकड्यावर मात्र विसंबू नये, कारण १६० जीबी असे कोरलेल्या नव्या प्लेट सुट्या मिळतात. खरी जागा सेटिंग्जमधील अबाउट या पडद्यावर दिसते.

आयपॉड टच घेताना विक्रेत्याला समोरच त्याचे ॲपल खाते काढून यंत्र कोरे करायला सांगावे. खाते राहिले तर ॲक्टिव्हेशन लॉकमुळे ते आपल्या हाती वापराविना पडून राहते. अँड्रॉइड प्लेअरबाबत गुगल खात्याचे तेच. शिवाय या दोन्हींमध्ये आपल्याला हवे ते ॲप उघडते का, हे तेथेच पाहावे. जुन्या आवृत्तीवर ते चालेलच असे नाही. सहाव्या पिढीचा टच ॲपलच्या आयओएस या प्रणालीच्या १२ व्या आवृत्तीवर, म्हणजे आयओएस १२ वर, आणि सातव्या पिढीचा आयओएस १५ वर थांबलेला आहे.

बिल आणि पहिले सात दिवस

बिलावर मॉडेल, सिरियल क्रमांक, बदललेले भाग, हमीची मुदत आणि परत घेण्याची मुदत या पाच गोष्टी असाव्यात. सिरियल क्रमांक यंत्रावरील क्रमांकाशी जुळवून पाहावा. म्युझिक प्लेअरला मोबाईलसारखा आयएमईआय हा ओळख क्रमांक नसतो, त्यामुळे तो चोरीचा आहे की नाही हे सरकारी यादीत शोधता येत नाही, आणि चोरीचा माल आहे हे ठाऊक असून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार गुन्हा आहे. अशा वेळी बिलच आपल्या कामी येते. दुकानदाराने लिहून दिलेली हमी पाळली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते आणि त्यानंतरही प्रश्न सुटला नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाचे दार उघडे असते. ऑनलाइन मागवल्यास खोके उघडताना सलग चित्रीकरण करावे.

घरी आल्यावर प्लेअर पूर्ण चार्ज करून, आवाज निम्म्यावर ठेवून, पडद्याला हात न लावता सलग वाजू द्यावा आणि बंद पडेपर्यंतचे तास मोजावेत. कंपनीच्या सांगण्यानुसार १६० जीबीचा शेवटचा क्लासिक ३६ तास, सातव्या पिढीचा नॅनो ३० तास आणि क्लिप प्लस १५ तास चालतो. जुन्या यंत्राकडून तेवढी अपेक्षा करू नये, पण निम्म्याहून कमी तास भरले, तर ते परत करावे. नवी बॅटरी टाकल्याचे सांगितले असेल, तर निम्म्यावरही समाधान मानू नये. बिननावाचा किंवा फार मोठी जागा सांगणारा प्लेअर असेल, तर विंडोजवरील एचटूटेस्टडब्ल्यू या मोफत साधनाने त्याची संपूर्ण जागा भरून पाहावी. खोट्या मेमरीत ठरावीक मर्यादेनंतर भरलेल्या फाइल उघडत नाहीत, मात्र यादीत त्या दिसत राहतात, म्हणून केवळ नावे पाहून खात्री होत नाही. ही चाचणी मेमरी कार्डालाही लावावी.

ही सगळी कामे परतीच्या मुदतीतच उरकावीत. गाण्यांची मूळ प्रत संगणकावर किंवा दुसऱ्या कार्डावर कायम ठेवावी. पुढे कधी बॅटरी बदलून घेतली, तर काढलेली जुनी बॅटरी घंटागाडीतील कचऱ्यात टाकू नये, कारण दाबली गेल्यावर ती पेट घेऊ शकते. तिच्या टोकांना चिकटपट्टी लावून ती बदलणाऱ्या कारागिराकडेच किंवा ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्यावी.